सहा दशांश सेकंद

"मास्तर, घड्याळाला चावी दिलीया न्हवं?"

हिंदुराव मिस्त्रीनं गाडीच्या खिडकीतून मुंडकं बाहेर काढून विचारलं.

"दिलीय. शाळेचं घड्याळ आहे, चुकायचं नाही," मी म्हणालो.

"घड्याळ कवा चुकतंय वो," तो हसला. "तुमी नीट दाबा म्हंजे झालं."

मला रागच आला. बी. एस्सी., बी. एड. झालेल्या माणसाला एक गॅरेजवाला बटन दाबायला शिकवत होता. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "हिंदुराव, तुम्ही गाडीचं बघा. वेळेचं मी बघतो."

साल एकोणऐंशी, महिना फेब्रुवारी. कोल्हापूरपासून दहा-बारा मैलांवर सरनोबत सरकारांचा मळा. ऊस नुकताच कारखान्याला गेला होता आणि मोकळ्या झालेल्या वीस एकरांवर रोलर फिरवून, फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून, मोटारींच्या शर्यतीचं मैदान तयार केलं होतं. आमच्याकडे मोटारीचं वेड कुस्तीच्या वेडाला खेटून असतं. ज्याच्या घरी सायकल नाही तोही कार्बुरेटरवर तासभर बोलतो, आणि तुम्ही ऐकलं नाही तर चिडतो. शर्यतीचं बक्षीस होतं चांदीचा मुलामा दिलेली गदा. मोटार चालवणाऱ्याला गदा कशाला, असं मी मोटार हौशी मंडळाच्या सेक्रेटरींना एकदा विचारलं होतं. "मग काय फुलदाणी द्यायची?" असं त्यांनी मला विचारलं, आणि माझ्या ज्ञानात भर पडली.

रीत सोपी होती. एका वेळी एकच गाडी सुटायची. मळ्याच्या एका टोकाला विहिरीपाशी उभे राहून सेक्रेटरी पांढरा टॉवेल खाली टाकत. टॉवेल पडला की गाडी सुटायची आणि दुसऱ्या टोकाला पंपाच्या खोलीच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेला मी घड्याळाचं बटन दाबायचो. गाडी मळ्यातून वळणं घेत माझ्यापुढून गेली की पुन्हा बटन. ज्याचा वेळ सगळ्यांत कमी, त्याची गदा. या कामाला मंडळानं मला का नेमलं, तर शाळेच्या क्रीडा दिनाला मी घड्याळ धरायचो, आणि मी शास्त्र शिकवायचो. शास्त्राचा माणूस म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसतो.

गाड्या अकरा होत्या, पण माणसं आली होती दोनच बघायला.

पहिली हिंदुराव चौगुल्याची डुक्कर फियाट, छप्पन सालची. मिरजेच्या एका भंगारवाल्याकडे ती पडून होती, तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. हिंदुरावनं कोंबड्या परत दिल्या आणि गाडी आणली. उद्यमनगरातल्या आपल्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये त्यानं तिचा एकेक भाग लेथवर बनवला. सलग दोन वर्षं गदा त्याच्याकडे होती. ती गॅरेजमध्ये मारुतीच्या तसबिरीखाली उभी करून ठेवलेली असे आणि त्याची बायको पारूवहिनी रोज तिलाही उदबत्ती ओवाळत असे.

दुसरी धाकट्या सरकारांची, म्हणजे उदयसिंह सरनोबतांची, दोन दारांची लाल हेरल्ड. टायर मुंबईचे, गॉगल परदेशचा, हातात कातड्याचे मोजे. कोल्हापुरात, भर उन्हात, कातड्याचे मोजे. आणि या हेरल्डचं इंजिन शर्यतीसाठी ट्यून कोण करायचं? हिंदुराव. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत तो तिचे प्लग घासत बसला होता. "गिऱ्हाईक हाय," तो म्हणे. "गिऱ्हाईकाची गाडी अडवून जिंकायचं म्हंजे काय जिंकायचं?"

त्या वर्षी नुसती गदा नव्हती. गणपतीत तीसेक माणसांपुढे धाकटे सरकार म्हणाले होते, "पाना धरणाऱ्यानं पाना धरावा. स्टेअरिंगला आम्ही आहोत." हिंदुराव कधी चढ्या आवाजात बोलत नसे. तो एवढंच म्हणाला, "मग पैज लावा सरकार. हरंल त्यानं पुन्यांदा मैदानात गाडी घालायची न्हाई. जलमभर." तीस माणसांसमोर सरकारांना हो म्हणणं भाग होतं. पैज दोघांची एकच, पण सरकारांना शर्यत गेली तर शिकार होती, राजकारण होतं, पत्त्यांचा क्लब होता. हिंदुरावला वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस लोकांच्या गाड्यांखाली झोपायचं होतं आणि एक दिवस आपल्या गाडीत बसायचं होतं. तो एक दिवस त्यानं पणाला लावला होता.

माझं काय पणाला होतं? काहीच नाही, असं मला वाटत होतं. मी सरकारांच्याच शिक्षण संस्थेत दोन वर्षं तात्पुरता होतो आणि एप्रिलमध्ये कायम होणार होतो. संस्थेचे अध्यक्ष थोरले सरकार, धाकट्यांचे वडील. सांगलीच्या एका गृहस्थांनी मला मुलगी द्यायचं ठरवलं होतं, फक्त कायम झाल्याचं पत्र दाखवा म्हणाले होते. पण घड्याळाला यातलं काही माहीत नसतं, त्यामुळे मी निश्चिंत होतो.

चिठ्ठ्या टाकल्या. हिंदुरावचा नंबर दहावा आणि सरकारांचा अकरावा आला.

हिंदुरावची धाव मी आजही डोळे मिटून बघू शकतो. टॉवेल पडला, मी बटन दाबलं. ते जाडजूड बोजड धूड बांधावरच्या वळणाला मागची चाकं सोडून देत असं काही फिरलं, की माझ्या शेजारचे तलाठी खुर्चीवर उभे राहिले. शेवटच्या सरळ रस्त्यावर तर इंजिनाचा आवाज छातीत घुमत होता. गाडी पुढून गेली, मी बटन दाबलं. एक मिनिट बावन्न पूर्णांक चार सेकंद. तोवर कोणी दोन मिनिटांच्या आत आलं नव्हतं.

मग व्हायचं ते झालं. उद्यमनगरातली पन्नास-साठ माणसं मैदानात घुसली आणि नाचली. मळ्याची माती, दुपारचं वारं आणि नाचणारे लोहार, फिटर, टर्नर. धुरळा असा उठला की विहीर दिसेना, सेक्रेटरी दिसेना, टॉवेल तर नाहीच नाही. हिंदुरावची माणसं पुष्कळ हुशार होती, पण आनंद झाल्यावर उभं कुठं राहायचं हे त्यांना कळत नव्हतं.

"थांबूया की धा मिंटं," हिंदुराव गाडीतून उतरून माझ्याकडे येत म्हणाला. "धुरळा बसू द्या."

"रस्सा निवतोय!" थोरले सरकार जेवणाच्या मांडवातून ओरडले. तांबडा आणि पांढरा, दोन्ही तयार होते. "मास्तर, काय तरी डोकं चालवा."

आणि मी डोकं चालवलं. दौलू आवळे हलगी घेऊन विहिरीपाशीच होता. गाडी सुटली की तो हलगी कडाडून वाजवी आणि त्यानं अंगावर काटा उभा राही. मी निरोप पाठवला की टॉवेल पडताक्षणी दौलूनं एकच कडक थाप मारावी. ती ऐकून मी घड्याळ सुरू करीन.

"वा मास्तर!" थोरले सरकार म्हणाले. "याला म्हणतात शिक्षण." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववली.

थाप ऐकू आली, मी बटन दाबलं. लाल हेरल्ड धुरळ्यातून आली, गेली, आली, आणि माझ्यापुढून सुसाटत निघून गेली. मी घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं. मग उभा राहून, खणखणीत आवाजात, वर्गात हजेरी घेतो तसं वाचलं, "एक मिनिट एकावन्न पूर्णांक आठ."

सहा दशांश सेकंदांनी सरकार जिंकले होते.

मांडवात फटाक्यांची माळ लागली. हिंदुराव माझ्याजवळ आला. त्यानं घड्याळ मागून घेतलं, काट्याकडे बघितलं. मग मान वर करून लांब विहिरीकडे बघितलं. धुरळा आता बसत चालला होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ, आणि घड्याळ माझ्या हातात ठेवलं.

"बरं मास्तर," एवढंच म्हणाला. आणि सरकारांना फेटा बांधायला सगळ्यांत पुढे तोच गेला.

मी दोन वाट्या तांबडा, तीन वाट्या पांढरा प्यायलो आणि घरी येऊन गाढ झोपलो.

सोमवारी आठवी ब वर पाचवा तास होता. धडा ध्वनीचा. मी फळ्याकडे तोंड करून, मागच्या वर्षी लिहिलं होतं तेच लिहीत होतो. 'हवेत ध्वनीचा वेग दर सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर. म्हणून वीज आधी दिसते, गडगडाट मागून ऐकू येतो.' 'मागून' पर्यंत आलो आणि खडू मोडला.

क्रीडा दिनाला दरवर्षी मीच बाकीच्या शिक्षकांना बजावत असे, "आवाजावर जाऊ नका हो, सुटायच्या इशाऱ्याच्या लाकडी पट्ट्या मिटलेल्या दिसल्या की बटन दाबा." तिथली शर्यत असते शंभर मीटरची आणि बक्षीस असतं कंपासपेटीचं. 

शाळा सुटल्यावर मी सायकल काढून मळ्यावर गेलो. पंपाच्या खोलीपासून विहिरीपर्यंत सरळ चालत गेलो, पावलं मोजत. चारशे पन्नास भरली. लहान पावलं टाकत परत आलो, तर चारशे ब्याण्णव भरली. पाऊल कसंही टाकलं तरी विहीर जागची हलत नव्हती. अंतर होतं तीनशे चाळीस मीटर. दौलूची थाप माझ्या कानापर्यंत यायला पूर्ण एक सेकंद लागला होता आणि तेवढा वेळ हेरल्ड फुकट धावली होती. टॉवेलवर मोजलेल्या हिंदुरावला हा सेकंद कोणी दिला नव्हता. सरकारांचा खरा वेळ एक बावन्न आठ. हिंदुराव चार दशांशांनी जिंकला होता.

मी ठरवलं की सांगायचं. दुसऱ्याच दिवशी. मग ठरवलं की एप्रिल उजाडू दे, पत्र हातात पडू दे, मग सांगायचं. सत्य कुठं पळून जातंय, असं मी स्वतःला समजावलं. शास्त्राच्या माणसाला स्वतःला समजावणं फार सोपं जातं. मध्यंतरी थोरले सरकार शाळेत आले, तेव्हा त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हे आमचे घड्याळवाले गणपुले मास्तर." मी हसलो. चांगला भरपूर हसलो.

गुढी पाडव्याला मात्र राहवलं नाही. सकाळी नऊला मी उद्यमनगरात गेलो. गॅरेजवर गुढी उभी होती, पाने-पक्कड हळदीकुंकू लावून पाटावर मांडले होते. मारुतीच्या तसबिरीखालची जागा मोकळी होती. फियाट दारातच होती, धुतलेली, बॉनेटवर झेंडूचा हार, आणि इंजिन सुरू. हिंदुराव शेजारी जॅक घेऊन उकिडवा बसला होता. मला बघून तो उठला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"या या मास्तर! बसा." त्यानं स्टूल स्वतःच्या सदऱ्यानं पुसलं. आत वळून म्हणाला, "पारू, मास्तर आल्यात. चा टाक."

चहा आला. कडुलिंब आणि गूळ आला. पारूवहिनी दारातच उभ्या राहिल्या.

"बोला मास्तर," हिंदुराव म्हणाला.

"काही नाही, सहजच."

"सहज तर सहज. पर बोला की."

फियाटचं इंजिन आमच्या मध्ये शांतपणे चालू होतं. सांगायचं फार नव्हतं. एक वाक्य होतं ते, आठवीच्या पोरालाही कळेल असं. पण पत्र यायला अजून सोळा दिवस होते.

"चहा छान झालाय वहिनी," मी म्हणालो.

हिंदुरावनं खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. मी पाडव्याच्या शुभेच्छा दिल्या, सायकलवर टांग मारली. कोपऱ्यावरून वळून बघितलं, तर तो गाडीखाली जॅक लावत होता. चाकं सुटल्यावर गाडी लाकडी ठोकळ्यांवर बसली आणि वर ताडपत्री आली.

सोळा दिवसांनी पत्र आलं. मी कायम झालो. लग्न झालं, संसार झाला. पत्रानंतर सांगायचं ठरलं होतं खरं, पण तेव्हा असं वाटलं की आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, असं विचारतील. मग या एका प्रश्नावर मी उरलेली सगळी नोकरी काढली.

परवा, पंचेचाळीस वर्षांनी, 'जुन्या मोटारींचा मेळा' भरला. त्याच मळ्यावर. आता तिथं मंगल कार्यालय आहे आणि पुढे हिरवळ. साठ-सत्तर जुन्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि त्यांना टेकून तरुण मंडळी फोटो काढत होती. ज्यांनी आयुष्यभर याच गाड्या ढकलून कंबर मोडून घेतली, ते म्हातारे आता पेट्रोलच्या वासानं डोळे पुसत होते. रोज चालवावी लागत नसली की कुठलीही गाडी सुंदर दिसते. धाकटे सरकार, आता वय सत्त्याहत्तर, फेटा बांधून हेरल्डच्या उघड्या दारात बसले होते. स्टेजवर मोठा फलक होता. त्यावर लाल गाडी, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'एक मिनिट एकावन्न पूर्णांक आठ: आमचा वारसा'.

मला बोलावलं होतं सत्काराला. शाल, श्रीफळ आणि काचेच्या पेटीत बसवलेलं तेच घड्याळ. निवेदिका म्हणाली, "सरांनी त्या काळी कुठल्याही तंत्रज्ञानाशिवाय अचूक वेळ नोंदवली!"

मी माईक हातात घेतला. बायको जाऊन तीन वर्षं झाली, पेन्शन कोणी थांबवू शकत नाही. इतकं सगळं सुरक्षित झाल्यावर मला धैर्य आलं.

"ती वेळ चुकीची आहे," मी म्हणालो. "शर्यत हिंदुराव चौगुल्यांनी जिंकली होती." आणि मी टॉवेल, हलगी, तीनशे चाळीस मीटर, एक सेकंद, सगळं सांगितलं.

धाकट्या सरकारांनी मांडीवर हात मारला आणि ते खदखदून हसले. "मास्तर अजून शिकवत्यात बघा! ध्वनीचा वेग!" सगळे हसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदिका म्हणाली, "काय मस्त किस्सा सांगितला सरांनी!" आणि पुढचा सत्कार पुकारला. पंचेचाळीस वर्षं जपून ठेवलेलं पाप माझ्या हातून निसटलं, आणि लोकांनी ते करमणूक म्हणून ठेवून घेतलं.

हिंदुराव हसला नव्हता. तो हिरवळीच्या अगदी टोकाला आपल्या फियाटजवळ खुर्ची टाकून बसला होता. गाडी टेम्पोतून आणली होती आणि चार माणसांनी ढकलत जागेवर लावली होती. स्टेअरिंग धरायला त्यानं भाच्याला बसवलं होतं. मैदानात गाडी घालायची न्हाई म्हंजे न्हाई. मी काठी टेकत त्याच्याकडे गेलो.

"ऐकलंत ना?" मी विचारलं.

"ऐकलं की."

"तुम्हाला काही वाटलं नाही?"

"मला त्याच दिशी कळलं हुतं, मास्तर." तो शांतपणे म्हणाला. "नदीवर बाया धुनं आपटत्यात, हात आदी दिसतोय, आवाज मागनं येतोय. त्याला शाळा कशाला लागती? तुमच्या हातातलं घड्याळ बघितलं, हीर बघितली, झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"हरल्यालं माणूस बोललं तर लोक म्हनत्यात रडतंय. सरकारास्नी तर ठावंच न्हवतं. मग ऱ्हायलं कोन?" त्यानं फियाटच्या बॉनेटवरची धूळ तळव्यानं पुसली. "घड्याळ धरनारा. म्हनून वाट बघितली. रोज सकाळी गाडी चालू करून ठेवायचो, उद्या मैदानात बोलावनं आलं तर बॅटरी उतरायला नको. पाडव्याला जॅक हातात घेतलाच हुता, म्हनलं आता बास. एवढ्यात तुमी आलासा. पारूला म्हनलं, आलं बघ मास्तर, चा टाक."

"पारूवहिनी कशा आहेत?" मी विचारलं.

"गेली की. धा वर्सं झाली."

स्टेजवर कोणीतरी जुन्या गाड्यांच्या सोनेरी दिवसांवर कविता म्हणत होतं. हिंदुरावनं खुर्चीखालून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या मास्तर."

आणि मी, तेव्हासारखाच, घेतला.